स्वतःला स्वीकारलं तर सुधारणार कधी? : वाचकांचे प्रश्न, योगशिक्षिकेची उत्तरं

२१ जूनचा योगदिन होऊन गेला की दरवर्षी आमच्याकडे पत्रं आणि मेल वाढतात. यंदा गंमत अशी की कुठलं आसन कशावर चालतं असले प्रश्न कमी आले आणि मनाचे जास्त. सगळे घेता येणार नाहीत, जे बऱ्याच जणांच्या मनात असतील असं वाटलं तेच घेतलेत. नावं मुद्दाम काढून टाकली आहेत.

मी ४७ वर्षांची, सांगलीत राहते. थायरॉइडचा त्रास आहे, वजन वाढलंय. सोसायटीतल्या योगा क्लासला जायला लागले तर समोर भलामोठा आरसा, बाजूच्या मुली पटकन वाकून पायाला हात लावतात आणि माझे हात गुडघ्याच्या खाली जात नाहीत. टीचर सगळ्यांसमोर ‘पोट आत घ्या’ म्हणून ओरडतात. घरी येऊन रडू येतं. योगाने आनंद मिळतो म्हणतात, माझं तर उलटंच झालं. क्लास सोडू का?

ताई, तो क्लास सोडायचा असेल तर खुशाल सोडा, योग तेवढा सोडू नका. समोर आरसा आणि त्यात सगळ्यांदेखत पोटावरून बोलणं, कुणालाही रडू येईल. एकदा टीचरना बाजूला घेऊन सांगून बघा की मला काय सांगायचं ते जवळ येऊन हळू सांगा. बऱ्याच टीचरच्या लक्षातच आलेलं नसतं की समोरच्याला लागतंय. सांगूनही फरक पडला नाही तर दुसरा क्लास शोधा आणि तोवर मागच्या रांगेत आरसा दिसणार नाही अशी जागा पकडा, त्यात कसला आलाय कमीपणा.

आता त्या हात पायाला लागण्याबद्दल. ज्यांचे लागतात त्यातल्या निम्म्या जणी पाठीला कुबड काढून लावतात, म्हणजे बोटं पोचली पण ज्यासाठी वाकायचं ते राहूनच गेलं. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर हात गुडघ्याखाली जाणार नाहीत, आणि दिवसभर ओट्याशी उभं राहून नाहीतर खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईचे ते आखडलेलेच असतात, त्याचा तुमच्या लायकीशी काही संबंध नाही. घरी असं करा. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, तळहात कंबरेच्या उंचीवर भिंतीला टेकवा आणि पावलं मागेमागे घेत जा, पाय कंबरेच्या बरोबर खाली येईपर्यंत. पाठ जमिनीला समांतर, मान सैल, गुडघे थोडे वाकले तरी चालतील. तिथे पाच-सहा श्वास थांबा, घाई नको. मग खाली बसून पाय पुढे पसरा, पण नुसत्या जमिनीवर बसू नका, जाड चादरीची घडी बुडाखाली घ्या म्हणजे कंबर मागे ढळत नाही. एखादी जुनी ओढणी दोन्ही तळपायांना अडकवून टोकं हातात धरा. ओढून पुढे यायचं नाही, फक्त पाठ वर ताणायची. एवढंच. स्लिप डिस्कचा त्रास असेल तर हे पुढे वाकणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि ओढणी-चादर घेऊन केलं म्हणजे ते कच्चं योगासन असं कुणी म्हटलं तर त्यांना बी. के. एस. अय्यंगारांबद्दल सांगा. १९१८ साली कर्नाटकात बेळ्ळूरला जन्मले, लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं एकामागून एक सोसलं, हातापायाच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. १९३७ मध्ये गुरूंनी, म्हणजे मेहुणे कृष्णमाचार्यांनी, त्यांना शिकवायला पुण्याला पाठवलं तेव्हा वय १८, आणि पुढ्यातले विद्यार्थी त्यांच्यापेक्षा धट्टेकट्टे. पुढे त्याच माणसाने पट्टे, लाकडी विटा, दोर, लोड, खुर्च्या असलं सगळं आसनांत आणलं, कारण ज्याचं शरीर साथ देत नाही त्यालाही ते आसन अनुभवता आलं पाहिजे. पुण्यात मॉडेल कॉलनीत १९७५ पासून त्यांची संस्था उभी आहे, आणि तिथे जगभरातून आलेली माणसं भिंतीतल्या दोरांना लटकून आणि घडीच्या खुर्च्यांवर आसनं करत आली आहेत. म्हणजे तुमची ओढणी चांगल्या घराण्यातली आहे!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. रोज आरशासमोर उभं राहून ‘मी सुंदर आहे, मी परिपूर्ण आहे’ म्हणा असं जे सांगतात ते मला कधी पटलं नाही. तुम्हाला तसं वाटत नसेल तर म्हणून वाटायला लागत नाही, उलट आतून कोणीतरी ‘खोटं बोलतेस’ म्हणतंच. त्यापेक्षा सकाळी चटईवर बसल्यावर जे आहे ते नुसतं बघा. आज उजवा खांदा जड आहे, रात्री झोप नीट झाली नाही, पोट साफ नाही. बास, पुढे कसलंही विशेषण लावू नका. स्वतःला स्वीकारणं म्हणजे सुरुवातीला एवढंच असतं. आणि वजनाचं म्हणाल तर नुसत्या आसनांनी ते भराभर उतरतं ही जाहिरात आहे, थायरॉइडची तपासणी वेळेवर करत राहा, गोळी चुकवू नका आणि रोजचं चालणं सोडू नका.

मी निवृत्त बँक कर्मचारी, वय ६६, नागपूर. हल्ली जो तो ‘स्वतःला आहे तसं स्वीकारा’ म्हणतो. मग माणसाने सुधारायचं कधी? आमच्या वडिलांनी आम्हाला असं स्वीकारलं असतं तर आम्ही मॅट्रिकही झालो नसतो. दुसरं म्हणजे मी दोन वर्षांपासून पद्मासन जमवायचा प्रयत्न करतोय, गुडघा दुखतो तरी नेटाने करतो. कधी जमेल?

काका, तुमचा पहिला प्रश्न एकदम रोखठोक आहे आणि त्याचं उत्तर योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनीच देऊन ठेवलंय. अष्टांगातले पाच नियम आठवा, शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. संतोषाला लागूनच तप आलंय. नुसता संतोष सांगायचा असता तर पुढे तप कशाला घातलं असतं, आणि नुसतं घासून घासून सुधारायचं असतं तर आधी संतोष कशाला हवा होता. दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी करायच्या गोष्टी आहेत. बँकेत तुम्ही रोज संध्याकाळी कॅश टॅली करत होता ना, पेटीत आज जे निघालं ते निघालं, ते आधी जसंच्या तसं लिहायचं, कमी निघालं म्हणून आकडा बदलायचा नाही, आणि मगच फरक शोधायला बसायचं. स्वीकार म्हणजे तो आकडा खरा लिहिणं. तुमच्या वडिलांनीही मार्क कमी पडले म्हणून रागावताना ‘हा माझा मुलगा नाही’ असं तर म्हटलं नसेल, रागावले आणि मग जेवायला बोलावलंच असेल.

आणि नेमकं इथेच तुमचं पद्मासन अडतंय, कारण तुमच्या गुडघ्याचा आकडा तुम्ही खरा लिहीत नाही आहात. पद्मासनात पाय फिरतो तो खुब्यातून. खुबा मोकळा नसेल आणि तुम्ही पाऊल ओढून मांडीवर चढवलंत तर तो पीळ गुडघ्यात जातो, आणि गुडघा हा बिजागरीचा सांधा, त्याला पीळ सोसत नाही, आतली गादी फाटते. साठीनंतर ती आधीच झिजलेली असते. म्हणून दुखत असताना नेट लावणं आजपासून बंद आणि एकदा हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवून या.

पद्मासन नाही म्हणजे ध्यान नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. अख्ख्या योगसूत्रांत आसनावर सूत्रं आहेत जेमतेम तीन, त्यातलं पहिलंच ‘स्थिरसुखमासनम्’, स्थिर असावं आणि सुखाचं असावं, त्यात कुठल्याही आसनाचं नाव नाही. पुढे व्यासभाष्यात, म्हणजे या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, आसनांची यादी येते तिथे पद्मासन पहिलं आहे हे खरं, पण त्याच यादीत ‘सोपाश्रय’, म्हणजे आधार घेऊन बसणं, आणि शेवटी ‘यथासुख’ सुद्धा आहे. इतक्या जुन्या काळी ज्यांनी टेकून बसायला परवानगी दिली त्यांच्यापेक्षा आपण कडक कशाला व्हायचं? तुम्ही सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसा, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, टेकत नसतील तर खाली पाट घ्या. खुबा मोकळा व्हायला पाठीवर झोपून उजवा घोटा डाव्या मांडीवर ठेवायचा आणि डावा गुडघा हळूच छातीकडे आणायचा, मग बाजू बदलायची. गुडघ्यात कळ आली की तिथेच सोडून द्यायचं. पद्मासन कधी जमेल विचारलंत, तर कदाचित नाहीच जमणार. त्यावाचून काही अडत नाही.

वय २६, हिंजवडीत आयटीत आहे. ध्यानाचं ॲप घेतलंय, बरेच दिवस स्ट्रीक (एकही दिवस न चुकता केल्याचा ॲपमधला आकडा) होती ती रिलीजच्या आठवड्यात तुटली आणि तेव्हापासून करावंसंच वाटत नाही. तसंही डोळे मिटले की डोक्यात टिकेट्स, ईएमआय, मॅनेजरचा चेहरा हेच फिरतं. मी ध्यानासाठी बनलेलोच नाही का?

तुझ्या वयाची मुलं क्लासला येतात म्हणून सरळ अरे-तुरे करते. अरे, डोळे मिटल्यावर विचार येतात म्हणजे तुझं डोकं चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. दिवसभर ते विचार होतेच, स्क्रीनच्या गडबडीत ऐकू येत नव्हते. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, म्हणजे प्रकरणात, नऊ अडथळे मोजून दिलेत, त्यात आजारपण आहे, शंका आहे, आळस आहे, आणि सगळ्यात शेवटचा कुठला माहितीये? जमलेली गोष्ट टिकवता न येणं! म्हणजे तुझ्या तुटलेल्या स्ट्रीकची नोंद तिथे ऑलरेडी आहे. असं होतंच हे धरूनच तो अभ्यास सांगितलाय.

सातत्य हवं हे त्यांनीही म्हटलंय, ते नाकारत नाही. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने, अशा तीन अटी आहेत, पण ॲपने तुला त्यातली मधली तेवढी विकली. नोटिफिकेशनच्या भीतीने रात्री पावणेबाराला कॉटवर पडून उरकलेली दहा मिनिटं म्हणजे हजेरी झाली, अभ्यास नाही. ॲप ठेव हवं तर, फक्त तो स्ट्रीकचा आकडा बंद करता येत असेल तर बंद कर.

सुरुवात डोळे मिटून करूच नकोस. ऑफिसमधून आलास की आधी उभं राहून सात-आठ मिनिटं अंग हलव, सूर्यनमस्कार सावकाश, किंवा नुसतं हात वर-खाली. मग पाठीवर झोपून पाय गुडघ्यात वाकवून, एक हात पोटावर ठेवून श्वास मोज, घेताना चार, सोडताना सहा, ओढूनताणून नाही. सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके जरा हळू होतात आणि शरीराला कळतं की आता पळायचं नाहीये, हे तुला पटवून घ्यावं लागत नाही, आपोआप होतं. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. मॅनेजरचा चेहरा येईल. येऊ दे. त्याच्याशी भांडत बसू नकोस, पुन्हा एक. आणि हो, रोज रात्री अकरापर्यंत काम असेल तर त्याचं उत्तर ध्यानात नाही, ते मॅनेजरशी बोलूनच मिळेल. तो ताण सोसायला शिकवायला योग नाहीये.

मी ३४ वर्षांची, डिप्रेशनसाठी आठ महिने गोळ्या चालू आहेत, आता पुष्कळ बरं आहे. सासूबाई आणि शेजारच्या काकू म्हणतात गोळ्यांची सवय लागते, सोडून दे, रोज अर्धा तास कपालभाती कर, मन आपोआप खंबीर होईल. मलाही वाटतं गोळी घेते म्हणजे मी कमकुवतच. काय करू? (जळगाव)

गोळी बंद करू नका. हे आधी वाचा, बाकीचं नंतर. डिप्रेशनची औषधं एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो, आणि आजार उलटण्याची भीती वेगळीच. बरं वाटतंय ते गोळीमुळेही वाटत असेल. कधी आणि किती कमी करायची हे तुमचे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील, तेही हळूहळू. काकूंना बीपीची गोळी आहे का विचारा, असेल तर त्यांनी ती कपालभातीसाठी सोडली का तेही विचारा. (हे मनातल्या मनात विचारलंत तरी चालेल, शेजार टिकवायचा असतो.)

योग औषधाच्या जोडीने करायचा. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मोठ्या मनोरुग्णसंस्थेतही तो उपचारांच्या बरोबर दिला जातो, औषध हिसकावून घेऊन नाही. तुमच्यासाठी कपालभातीचे जोरदार झटके सध्या नकोत, अशा वेळी त्याने कुणाकुणाची धडधड आणि अस्वस्थता वाढते. हाय बीपी, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर ते करूच नये. उभ्याने करायची आसनं घ्या, ताडासन, वीरभद्रासन, त्रिकोणासन, पावलं जमिनीत घट्ट, डोळे उघडे. शक्यतो सकाळी उजेडात, गच्ची असेल तर गच्चीत. शवासनात डोळे मिटल्यावर वाईट विचार गर्दी करत असतील तर मिटू नका, छताकडे बघत पडून राहा नाहीतर कुशीवर वळा. भ्रामरी पाच-सात वेळा चालेल, गुणगुणताना बऱ्याच जणींना बरं वाटतं.

कमकुवत असण्याबद्दल म्हणाल तर आठ महिने आजारपण, घर आणि वरून हे सल्ले सांभाळून तुम्ही गोळी चुकवली नाहीत, यालाच तप म्हणतात. सासूबाईंना पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पुष्कळदा घरातलं वातावरण बदलतं. आणि कधी जीव नकोसा वाटायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, २४ तास आणि मराठीतही बोलता येतं.

आम्ही दोघी जावा. तिच्या मुलाचं सिलेक्शन झालं, घर झालं, आता गाडी. फॅमिली ग्रुपवर फोटो आला की मी हार्ट टाकते आणि पोटात मात्र आग पडते. मी रोज पहाटे योगासनं करते, तरी मन इतकं घाण कसं? लाज वाटते. (रत्नागिरी)

लिहिलंत हेच केवढं! बाकीच्या नुसत्याच हार्ट टाकतात. मन घाण वगैरे काही नाही हो. पतंजलींनी मन प्रसन्न राहायला चार गोष्टी सांगितल्यात. सुखात असलेल्याशी मैत्री, दुःखात असलेल्याबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याला बघून आनंद आणि वाईट वागणाऱ्याकडे काणाडोळा. आता बघा, दुसऱ्याच्या सुखाशी मैत्री हे यादीत पहिलं आहे. आपोआप होण्यातलं असतं तर सांगायची गरज पडली नसती. योगी माणसालाही ते मुद्दाम करावं लागतं, तिथे आपण कोण.

करून काय बघायचं तर पोटात आग पडते म्हणालात, तिथेच थांबा. फोटो आला, छातीत आवळल्यासारखं झालं, कान तापले, जबडा घट्ट. फोन पालथा ठेवा आणि जबडा सैल सोडून चार-पाच श्वास होऊ द्या. ‘मी किती वाईट’ हे वाक्य मध्ये घालू नका, कारण असूया दोन-चार मिनिटांत ओसरते आणि तुमचा दिवसभर खाते ती तिच्यावरची लाज. मग स्वतःला विचारा की मला नेमकं काय हवंय? गाडी हवी आहे का? बहुतेक नसेल. आपल्या मुलाची काळजी असेल, किंवा घरात आपलं कौतुक कुणी करत नाही हे असेल. ते कळलं की त्यावर काहीतरी करता येतं, मुलाशी बोलता येतं, नवऱ्याला स्पष्ट सांगता येतं की मलाही कधी बरं म्हणा. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर हार्ट टाकण्यापेक्षा जावेला फोन करून दोन मिनिटं बोला, जमलं तर. नाही जमलं तर ग्रुप म्यूट ठेवा महिनाभर, कुणाला कळत नाही.

शवासनात दर वेळी झोप लागते, मिस्टर म्हणतात घोरतेस. हे चूक आहे का? (डोंबिवली)

चूक कसली, पहाटेचे डबे आणि लोकलचा प्रवास करणारी बाई आडवी झाली तर झोपणारच. कधीतरी लागली तर लागू दे. दर वेळी लागत असेल तर रात्रीची झोप कमी पडतेय, ती आधी वाढवा. जागं राहायचंच असेल तर पाठ आणि डोक्याखाली चादरीची घडी घेऊन छाती जरा उंच ठेवा आणि कोपरातून एक हात वर उभा धरा, डुलकी लागली की तो पडतो आणि जाग येते. घोरण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. रात्रीही मोठ्याने घोरत असाल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, बीपी पण बघून घ्या. मिस्टरांना म्हणावं नुसतं नाव ठेवण्यापेक्षा एकदा रात्री मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, डॉक्टरांना ऐकवायला बरं पडतं.